टॉमस सलीच्या वहीतून: शाई आणि वॉशने समोरचा माणूस कसा टिपावा

अमेरिकेची २० डॉलरची नोट कधी हातात आली, तर तिच्यावरचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचा चेहरा नीट निरखून पाहा. तो ज्या व्यक्तिचित्रावरून कोरला गेला, ते टॉमस सली या चित्रकाराचं. सली १७८३ साली इंग्लंडमधल्या हॉर्नकॅसल गावी जन्मला. आईवडील दोघंही नाटकात काम करणारे. १७९२ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत गेलं आणि चार्ल्सटनला राहिलं. पुढे सली फिलाडेल्फियात स्थिरावला आणि १८७२ मध्ये तिथेच वारला. आयुष्यभरात त्याने दोन हजारांहून जास्त चित्रं केली. त्यांत राष्ट्राध्यक्ष आहेत, नट आहेत, श्रीमंत व्यापाऱ्यांच्या बायका-मुली आहेत आणि नुकतीच गादीवर आलेली राणी व्हिक्टोरियासुद्धा आहे.

मला त्याच्या मोठ्या तैलचित्रांपेक्षा त्याच्या वहीची ओढ जास्त. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचं एक स्केचबुक जपून ठेवलेलं आहे, साधारण १८१० ते १८२० या काळातलं. काळी-तपकिरी शाई, पेन्सिल आणि पातळ शाईचे कुंचल्याने दिलेले हात, म्हणजे आपण ज्याला वॉश म्हणतो ते. या कामात चेहरे फारसे रेखलेले नसतात. एक मान वळलेली, एक हात खुर्चीवर टेकलेला, एका बाजूला सावलीचा एकच सपाट वॉश आणि बाकी सगळा कोरा कागद. एवढ्यावर माणूस बसलाय की उठायच्या बेतात आहे, हे कळतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं चित्रकलेचं शिक्षण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी झालं. आधी बाह्यरेषा, मग आत शेडिंग. त्यामुळे वॉश म्हणजे रेघांच्या आत भरायचा रंग, असं हाताला वळण पडतं. माझंही तसंच होतं. सलीसारख्यांच्या वह्या पाहत बसल्यावर उमगलं की वॉश हा उजेड कुठून येतो आणि कुठे थांबतो याचा निर्णय असतो. तो निर्णय आधी झाला की रेघ फार थोडी लागते. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. घरच्या टेबलावर करता येईल अशा बेताने ती लिहितो आहे.

आधी पान वाचायला शिका

सामान आणायच्या आधी एक आठवडा नुसतं पाहण्यात घालवा. म्युझियमच्या संकेतस्थळावर अशी पानं मोठी करून पाहता येतात. सलीबरोबर बेंजामिन वेस्टचीही पाहा. वेस्ट पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, पण लंडनमध्ये रॉयल अकादमीच्या अध्यक्षपदापर्यंत पोचलेला. अमेरिकेतून येणाऱ्या तरुण चित्रकारांना त्याचं घर कायम उघडं असे. सली १८०९ मध्ये त्याच्याकडे गेला तो फिलाडेल्फियातल्या काही जणांनी दिलेल्या पैशांवर. बदल्यात त्यांना जुन्या नामवंत चित्रांच्या नकला करून द्यायच्या होत्या. नकला करता करता शिकणं ही त्या काळातली सरधोपट वाट होती आणि आजही ती उत्तम वाट आहे.

पान पाहताना स्वतःला दोनच प्रश्न विचारा. पहिला, कागदाचा पांढरा कुठे कुठे राखलाय? बोटाने मोजा. बहुतेक चांगल्या पानांत पांढऱ्याचे दोन-तीनच मोठे तुकडे असतात, ठिपके नसतात. दुसरा, रेघ वॉशच्या खाली आहे की वर? वॉश फिरताना खालची शाई थोडी सुटली असेल तर रेघेची कड फुगलेली, धूसर दिसते. वॉश वाळल्यावर मारलेली रेघ खणखणीत दिसते. एकाच पानावर दोन्ही सापडतात तेव्हा चित्रकाराने कुठे शोध घेतला आणि कुठे पक्कं केलं, ते तुमच्यासमोर उलगडतं.

कागद

सगळ्यात जास्त पैसे कागदावर घाला. सलीच्या काळचा कागद जुन्या सुती-तागाच्या चिंध्यांचा असे आणि त्याला जिलेटिनची खळ दिलेली असे. खळ असली की शाई पृष्ठभागावर काही क्षण तरंगते, तेवढ्यात कुंचला फिरवून घेता येतो. खळ नसलेल्या कागदात शाई टीपकागदासारखी आत जाते, आणि मग कितीही कौशल्य असो, हात सपाट पडत नाही.

आपल्याकडे सुती लगद्याचा हातकागद मिळतो. जाडी २०० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. दुकानातच परीक्षा करायची असेल तर कोपऱ्यावर ओल्या बोटाचा ठसा उमटवा आणि दहापर्यंत मोजा. ठसा चमकत राहिला तर खळ चांगली आहे. लगेच काळवंडून आत गेला तर तो कागद पत्रिका छापायला ठेवा. वही बांधलेली हवी, सुटे कागद नकोत. सुट्या कागदावर माणूस चित्र करायला बसतो, वहीत विचार करायला बसतो, हा फरक मी स्वतः अनुभवलाय. आकार तळहाताच्या दीडपट पुरे.

टाक, दौत आणि कुंचला

सलीच्या तरुणपणी लेखणी म्हणजे हंसाच्या पिसाची. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतल्या पोलादी निब १८२० च्या दशकानंतर स्वस्त आणि मुबलक झाल्या. आपण साधा लाकडी टाक आणि लवचीक निब घ्यावी. खाली ओढताना जाड, वर नेताना बारीक अशी रेघ तिच्यातून येते. नव्या निबेवर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे शाई थेंबाथेंबाने गळते. जुन्या दात-ब्रशवर थोडी टूथपेस्ट घेऊन निब घासा, मग पुसा. बोरू जमत असेल तर तोही वापरून पाहा. बोरूची शाई लवकर संपते आणि रेघ शेवटाला कोरडी, खरबरीत होत जाते. केसांसाठी आणि लोकरी कपड्यांसाठी ती रेघ सुंदर दिसते.

कुंचले दोन, गोल, टोक धरणारे: ६ आणि १० नंबर. लहान कुंचला घ्यायचा मोह टाळा. लहान कुंचल्यात शाई कमी मावते, मध्येच संपते, आणि तिथे वॉशला सांधा पडतो.

शाई: विकतची आणि घरची

बाटलीतली काळी ड्रॉइंग इंक काजळीची असते आणि तिच्यात लाखेचं मिश्रण असेल तर ती वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. रेघ आधी आणि वॉश नंतर करायचा असेल तेव्हा ती हवी. दोन सावधगिरी: ही शाई फाउंटन पेनात भरू नका, पेन कायमचं बंद होतं. आणि ती पातळ करायला नळाचं किंवा बोअरचं पाणी घेऊ नका. जड पाण्यात ती फाटते, दूध नासावं तशी. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा, एक कॅन वर्षभर पुरतो.

जुन्या रेखाचित्रांतला तपकिरी रंग मात्र बऱ्याचदा वेगळ्याच शाईचा असतो. मायफळ आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांची शाई. युरोप-अमेरिकेत कित्येक शतकं लिहायला हीच वापरत. लिहिताना फिकी उतरते, हवा लागली की काळी होते आणि काही दशकांनी तपकिरीकडे झुकते. ओक झाडावर गांधीलमाशीच्या जातीची एक छोटी माशी अंडी घालते तिथे गाठ येते, ते मायफळ. त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य हिराकशीतल्या लोहाशी मिळून काळा रंग देतं. गंमत म्हणजे यातली प्रत्येक वस्तू आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात त्याच जुन्या नावाने मिळते.

करून पाहायची असेल तर जुनं, सर्रास चालणारं प्रमाण तीनास दोन, दोनास एक असं आहे: मायफळ ३० ग्रॅम, हिराकस २० ग्रॅम, बाभळीचा डिंक १० ग्रॅम. मायफळं खलबत्त्यात जाडसर कुटा आणि साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात काचेच्या बरणीत तीन-चार दिवस भिजत ठेवा. रोज एकदा लाकडी काडीने ढवळा. चौथ्या दिवशी दुहेरी फडक्यातून गाळा. चहाच्या रंगाचं पाणी मिळेल. हिराकशीची पूड त्यात टाकताच तुमच्या डोळ्यांदेखत ते काळं पडतं. हा क्षण मुलांना दाखवण्यासारखा आहे, पण हात मोठ्यांनीच लावायचा. हिराकस पोटात जाता कामा नये आणि कपड्यावरचा तिचा डाग निघत नाही. डिंक वेगळ्या कोमट पाण्यात विरघळवून शेवटी मिसळा. बुरशी येऊ नये म्हणून चार लवंगा टाका, हा जुनाच उपाय आहे. भांडी स्वयंपाकाची घेऊ नका, लोखंडाची तर अजिबात नको.

ही शाई आम्लधर्मी असते. काम झालं की निब लगेच धुऊन पुसा. पहिल्या वर्षी मी आळस केला आणि माझ्या आवडत्या निबेचं टोक दोन आठवड्यांत गंजून तुटलं. कागदालाही ती हळूहळू खाते, म्हणून एकाच जागी गिचमिड रेघोट्या मारू नका. आणि या शाईचा वॉश करू नका, निदान सुरुवातीला. ओला असताना तो इतका फिका दिसतो की हात गडद होत जातो आणि दुसऱ्या दिवशी पान काळंठिक्कर झालेलं सापडतं. रेघ मायफळाच्या शाईची, वॉश सेपिया म्हणजे गडद तपकिरी जलरंगाचा किंवा पातळ केलेल्या काळ्या शाईचा, ही जोडी मला सगळ्यात विश्वासाची वाटते. मात्र मायफळाची रेघ एक दिवस पुरती काळी होऊ द्या आणि मगच तिच्यावरून वॉश न्या.

तीन वाट्या

तीन पांढऱ्या वाट्या घ्या. छटा पांढऱ्या तळावरच कळते. प्रत्येकीत चार चमचे पाणी. पहिलीत शाईचे दोन थेंब, दुसरीत सहा, तिसरीत अठरा. वहीच्या शेवटच्या पानावर पाच चौकोन आखा: कोरा, पहिली छटा, दुसरी, तिसरी आणि टाकाने भरलेला गच्च काळा. वाळू द्या. वाळल्यावर छटा उजळते, म्हणून वाटीत दिसते ती छटा खरी मानू नका. दोन शेजारच्या चौकोनांतला फरक हातभर अंतरावरून दिसत नसेल तर थेंब बदला. दर शाईची ताकद निराळी असते, म्हणून तुमचं प्रमाण तुम्हीच ठरवा आणि लिहून ठेवा.

आता सपाट हाताचा सराव. इथे घाई करू नका, पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे. वहीच्या वरच्या कडेखाली दोन बोटं जाडीचं पुस्तक सरकवा म्हणजे पान तुमच्याकडे उतरतं होईल. १० नंबरचा कुंचला पहिल्या वाटीत पूर्ण बुडवा, वाटीच्या काठावर एकदाच टेकवा. डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढा. पट्ट्याच्या खालच्या कडेला पाण्याची टपोरी रांग साचलेली दिसेल, तिरप्या उजेडात ती चमकते. दुसरा पट्टा असा ओढा की कुंचल्याचं टोक त्या रांगेला नुसतं शिवेल. रांग खाली उतरते आणि नव्या पट्ट्याच्या कडेला येऊन थांबते. असं तळापर्यंत जा. शेवटी कुंचला फडक्यावर टिपून घ्या आणि त्या ओलसर टोकाने साचलेलं पाणी उचलून घ्या.

मग हात मागे. मध्ये कुठे फिकं राहिलंय असं वाटलं तरी परत जायचं नाही. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाण्याचा थेंब गेला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते आणि ती पुसता येत नाही. वाळलंय की नाही हे पाहायला बोटाचा पालथा भाग कागदाजवळ टेकवा. गार लागलं तर आत ओल आहे. असे वीस चौकोन करा. दहाव्याच्या आसपास हाताला लय सापडते.

माणूस समोर बसवा

माझी मावशी दुपारी खिडकीशी बसून लसूण सोलते. मी वही घेऊन समोर बसलो की तिचा पहिला प्रश्न असतो, "किती वेळ बसू रे?" मी म्हणतो, "वीस मिनिटं." "आणि हात हलवले तर?" "हलव, तेच पाहिजे." तिचे हात थांबवले तर मला कुणीतरी फोटोला बसलेलं मिळेल, मावशी मिळणार नाही.

जागा अशी निवडा की उजेड एकाच बाजूने येईल. एक खिडकी उघडी, बाकीचे पडदे ओढलेले, ट्यूबलाइट बंद. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या एकमेकींना खोडतात आणि तुमच्या तीन वाट्यांना काम उरत नाही. तुमचे आणि समोरच्याचे डोळे साधारण एका उंचीवर असू द्या.

पहिली दोन मिनिटं पेन्सिल. डोक्याचा कल, खांद्याची तिरकी रेघ, मांडीपर्यंतचा तोल. नाक-डोळे नाहीत. पेन्सिल इतकी हलकी की हातभर अंतरावरून दिसू नये.

मग टाक बाजूला ठेवून कुंचला घ्या. ही पायरी सवयीच्या उलट आहे आणि निदान पहिला महिना ती उलटीच करावी, असा माझा आग्रह आहे. डोळे किलकिले करा. पापण्यांतून पाहिलं की बारकावे जातात आणि सावलीचे मोठे आकार उरतात. मावशीच्या बाबतीत खिडकी डावीकडे. म्हणजे उजवा गाल, उजव्या डोळ्याची खोबण, नाकाखालचा त्रिकोण, हनुवटीखालचा गळा, पदराची आतली बाजू. या पाच सावल्या दिसायला वेगळ्या असल्या तरी किलकिल्या डोळ्यांना त्या एकमेकींना मिळालेल्या दिसतात. तशाच काढा. पहिल्या वाटीने डोळ्याच्या खोबणीपासून सुरू करून, गालावरून, जबड्याखालून, मानेवरून पदरापर्यंत एकच सलग हात न्या. कपाळ, नाकाचा कणा, डावा गाल आणि बोटांच्या पाठी कोऱ्या ठेवा. तो उजेड आहे आणि तो कागदाने द्यायचा आहे.

पाच मिनिटं वाळू द्या. या वेळात नुसतं पाहा. तिने लसणाची पाकळी नखाने कशी धरली आहे, अंगठा कुठे वाकतो, ते पाहा.

दुसरी वाटी फक्त सावलीच्या आत. पहिल्या हाताच्या बाहेर तिचा एकही थेंब नको. केसांचा सावलीकडचा भाग, हनुवटीच्या अगदी खाली, हाताखालची मांडी. तिसरी वाटी दोन-तीन ठिकाणीच: नाकपुडी, ओठांच्या मधली फट, बोटांमधला अंधार. इथे ६ नंबरचा कुंचला.

आता टाक. दौतीच्या काठावर निब टेकवून जादा शाई गळू द्या आणि आधी रद्दी कागदावर एक रेघ मारून पाहा. रेघ सावलीच्या बाजूला जाड, उजेडाच्या बाजूला बारीक किंवा अजिबात नाही. डाव्या गालाची बाह्यरेषा मी काढतच नाही. खिडकीतला उजेड आणि गालाचा उजेड एकमेकांत मिसळू दिला की पाहणाऱ्याची नजर ती कड स्वतः पुरी करते. वरच्या पापणीची एक रेघ, खालचीला जेमतेम एक ठिपका. हात आधी सबंध एक आकार म्हणून काढा, हातमोजा घातल्यासारखा, मग त्यात दोन बोटांच्या फटी दाखवा. पाचही बोटं मोजून दाखवायची गरज पडत नाही.

वीस मिनिटं झाली की थांबा आणि पान दाखवा. मावशीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चेहऱ्याबद्दल काहीच म्हणाली नाही. "पदर असाच सरकतो माझा," एवढंच म्हणाली. मला त्या दिवशी तेवढं फार होतं.

काडेपेटीएवढी चित्रं

वही हे व्यक्तिचित्रकाराचं रिहर्सलचं ठिकाण. सली नाटकवाल्यांच्या घरातला. माणूस कसा उभा राहिला की लांबून कळतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असणार. नट जॉर्ज फ्रेडरिक कुकचं शेक्सपिअरच्या नाटकातल्या तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेतलं त्याचं चित्र त्याच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कामांपैकी एक. १८१८ चं एलायझा रिजलीचं चित्र पाहा, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पंधरा वर्षांची मुलगी वीणेसारख्या उंच हार्पशेजारी उभी आहे, बोटं तारांवर. शरीराची लांबट, हलकी रेघ आणि हार्पचं वळण यांचा मेळ इतका नेमका आहे की अशी जागा पहिल्या प्रयत्नात सापडत नाही.

तुम्हीही एका पानावर काडेपेटीच्या आकाराचे सहा चौकोन आखा. माणूस तोच, प्रत्येक चौकोनात बैठक वेगळी. एकात चेहरा उजेडाकडे, एकात पाठमोरा वळलेला, एकात अर्ध्याहून जास्त चौकोन अंधारात. इथे फक्त पहिली आणि तिसरी वाटी वापरा, टाक नको. प्रत्येकाला तीन मिनिटं. मग वही भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथून जो चौकोन स्पष्ट वाचता येतो, तोच मोठा करायचा. हे दुसऱ्या टोकाला जाणं टाळू नका. हाताच्या अंतरावर सहाही चांगले वाटतात.

समोरच्या माणसाचा वेळ ही नेहमीचीच अडचण. सली १८३७ मध्ये लंडनला गेला, फिलाडेल्फियातल्या एका इंग्रज मंडळींच्या संस्थेसाठी व्हिक्टोरियाचं चित्र करायला. १८३८ मध्ये राणी त्याच्यासमोर बसली. पण राणी किती वेळ देणार? त्याची मुलगी ब्लांश सोबत होती. राणीची वस्त्रं आणि दागिने अंगावर घालून ती बापासमोर बसली आणि कपड्यांचं काम त्याने तिच्यावरून केलं. आपणही तेच करावं. चेहरा आणि हात यांसाठीच मूळ माणसाला बसवा. साडी, शाल, खुर्ची यांचा अभ्यास घरातलं कुणीही बसवून वेगळ्या पानावर करा, खिडकी मात्र तीच ठेवा.

बिघडलं तर

शाईचा थेंब पडला तर फडक्याने पुसू नका, टीपकागदाचं टोक थेंबाच्या माथ्याला लावा, तो वर चढतो. वॉश फार गडद झाला आणि अजून ओला असेल तर स्वच्छ, टिपून घेतलेल्या कुंचल्याने एकदाच उचला. वाळल्यानंतर काजळीची शाई निघत नाही. मग शेजारची छटा गडद करून तोल साधायचा. दातेरी कड उमटली असेल तर तिच्यावर तिसरी छटा नेऊन तिला कपड्याची घडी बनवता येते का ते पाहा. चेहऱ्यावर उमटली असेल तर पान उलटा आणि नव्याने काढा. पांढऱ्या रंगाने उजेड परत आणायचा प्रयत्न मी सोडून दिलाय. कागदाचा पांढरा आणि रंगाचा पांढरा शेजारी आले की दुसरा खडूसारखा मेलेला दिसतो.

वहीतून मोठ्या कागदावर

निवडलेल्या छोट्या चित्रावर पेन्सिलीने चौकटी पाडा, चार उभ्या, पाच आडव्या. मोठ्या कागदावर तितक्याच चौकटी मोठ्या करून आखा आणि एकेका घरातली रेघ उतरवा. छोट्या चित्राची आणि मोठ्या कागदाची लांबी-रुंदी एकाच प्रमाणात हवी, नाहीतर माणूस ताणला जातो.

आणि चित्र कुठे लागणार ते मोजून घ्या. नॉर्थ कॅरोलायना राज्याने सलीकडे जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र मागितलं होतं. सलीने डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनचा भव्य प्रसंग रंगवला, १८१९ मध्ये पुरा केला, सुमारे १२ फूट उंच आणि १७ फूट रुंद. तो त्या इमारतीत मावेना. व्यवहार फिसकटला आणि ते चित्र आता बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. इतका मोठा चित्रकार, इतकं ताकदीचं काम, आणि अडलं ते भिंतीच्या मापावर. याबद्दल मला आजही हळहळ वाटते.

वही जपणं

पान पूर्ण वाळल्याशिवाय वही मिटू नका. मायफळाच्या शाईच्या पानांमध्ये पातळ बटर पेपर घाला. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळ्यात खळ लावलेल्या कागदाला बुरशी धरते. वही भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आठवड्यातून एकदा पंख्याखाली उघडून ठेवा. कडक उन्हात मात्र नको.

प्रत्येक पानामागे नोंद करा. सलीने १८०१ पासून आपल्या चित्रांची वहीत नोंद ठेवली होती: कुणाचं चित्र, आकार केवढा, कधी सुरू केलं, कधी संपलं, किती पैसे मिळाले. त्याच्या कामाचा माग आज लागतो तो मुख्यतः त्या नोंदींमुळे. आपण पैशांच्या जागी उजेड लिहावा. मावशीच्या त्या पानामागे माझ्या अक्षरात लिहिलंय: "दुपारी सव्वातीन. पश्चिमेची खिडकी, एक झडप बंद. सेपिया, दोन-सहा-अठरा. उजवा कान विसरलो."

पुढच्या पानावर कान आहे.